माझ्या मागे कोणी नव्हतं

...आणि वर मलाच म्हणतात, डोळे तपासून घ्या. मला! तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवतोय, दिवसाला पंधरा-वीस माणसं माझ्यासमोर यंत्रावर हनुवटी टेकून बसतात, खालची ओळ वाचा, आता हे बघा, आधीचं बरं की हे बरं... अख्ख्या गावाला काय दिसतं नि काय दिसत नाही हे मी ठरवायचं, आणि मला आरशात एक दिवा दिसला म्हटल्यावर चार शहाण्यांनी एकमेकांकडे बघून असे ओठ चावले की मीच ओशाळलो. बरं, दिवा दिसला याचं काही नाही हो. दिवे दिसतात. पण मी सगळ्यात शेवटी होतो. पाच मोटारसायकली, पाचवी माझी. माझ्या मागे कोणी नव्हतं.

मुळात मी तिथे काय करत होतो, ते विचारा ना. ज्या माणसाला दुकानासमोर गाडी लावताना शेजारचा शिंपी हात हलवून "या, या, अजून या" करतो, तो माणूस वाळवंटात नऊ दिवस मोटारसायकल चालवायला कशाला जाईल? मी नव्हतोच जाणार. जाणार होता दादा. माझा थोरला भाऊ, लेथवर काम करायचा, उभा जन्म लोखंड कातण्यात गेला आणि उरलेला गाडी पुसण्यात. या प्रवासासाठी त्यानं नाव दिलं, टायर बदलले, सीटवर स्वतःच्या हातानं जाड कापड शिवलं, आणि निघायच्या चार महिने आधी एका सकाळी त्याच गाडीशेजारी, शेडमध्ये, बसल्या बसल्या गेला. हातात फडकं होतं म्हणतात.

महिनाभरानं वहिनींनी मला बोलावलं. किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "भावजी, यांच्या जागी तुम्ही जा."

म्हटलं, "वहिनी, मला चढावर क्लच सोडता येत नाही."

"वाळवंटात चढ कुठे असतो?"

मी गेलो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, असतो. वाळवंटात चढ असतो, आणि तो वाळूचा असतो.

तर आम्ही पाच. सगळ्यात पुढे कप्तान. म्हणजे खरं तर निवृत्त मोजणीदार, तीस वर्षं त्या भागात जमिनी मोजल्या, प्रत्येक दगड ओळखीचा, पण सगळे कप्तान म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. मग दोघे बेकरीवाले भाऊ, थोरला आणि धाकटा, एकाच मापाचे, एकाच साच्यातून काढल्यासारखे. मग दातांच्या डॉक्टरीणबाई, साठीच्या आसपास, पण गाडीवर अशा ताठ बसतात की आपण आपोआप तोंड उघडावं. आणि मग मी. पहिल्याच सकाळी कप्तान माझ्याजवळ आले, माझी गाडी चालवण्याची तऱ्हा दोन मिनिटं बघितली, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटचा माणूस जबाबदार लागतो." कळलं ना तुम्हाला? सभ्य माणूस, "हळू" म्हणाला नाही. हत्यारांची पेटी आणि पंक्चरचं सामान माझ्या गाडीला बांधलं, कारण पुढे जो बंद पडेल त्याच्यापाशी शेवटचा आपोआप पोचतोच. नियम एकच. प्रत्येकानं आपल्या मागच्यावर नजर ठेवायची आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. भर दुपारीही दिवा चालू ठेवायचा, कारण धूळ इतकी की माणूस दिसत नाही, दिवाच दिसतो.

आता बघा गंमत. कप्तानच्या आरशात थोरला, थोरल्याच्या आरशात धाकटा, धाकट्याच्या आरशात बाई, बाईंच्या आरशात मी. आणि माझ्या आरशात? काहीच नाही. सगळ्यांचे आरसे कामावर, माझा रिकामा. रिकाम्या आरशात माणसानं काय बघायचं?

पहिल्याच दिवशी, जेवण करून निघालो. रस्ता कसला, पन्हाळी पत्रा पसरून ठेवावा तशी जमीन, दात, चष्मा, विचार, सगळं खडखडत होतं. सहज आरशात बघितलं तर मागे दिवा. पिवळट, लहान, साधारण अर्ध्या मैलावर. मला वाटलं, आहे कोणी मागून येणारा. बरं वाटलं. मग विश्रांतीला थांबलो, मोजले, कप्तान, दोन भाऊ, बाई, मी. पाच. वीस मिनिटं थांबलो आणि मागून कोणीही आलं नाही. त्या सपाट जमिनीवर वळायला फाटा नाही, लपायला झुडूप नाही.

मी विचारलं, "आपल्या मागे कोणी आहे का? मला आरशात दिवा दिसतोय."

थोरला बेकरीवाला म्हणाला, "चष्मेवाले, तुमच्या मागे कोण असणार? तुमच्या मागे पडायला गाडी ढकलत न्यावी लागेल." आणि धाकटा माझाच आवाज काढून, "सांगा, आधीचं बरं... की हे बरं?"

हसले. हसा. मी आरसा पुसला. वाकडा केला, सरळ केला. काचेत दुहेरी प्रतिबिंब पडतं का ते तपासलं, माझा धंदाच आहे तो. पुन्हा निघालो, दोन मिनिटांत दिवा हजर. मी हळू झालो की तो हळू. मी थांबलो, मान वळवून बघितलं, तर नुसतं पांढरं ऊन आणि माझ्याच चाकांची रेघ. बरं, मी सगळ्यात शेवटी होतो, तेव्हा साक्षीदार तरी कुठून आणू?

आता तुम्ही म्हणाल, एवढं घाबरायचं काय त्यात? सांगतो. हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. दादा गेला त्या सकाळी, अकरा वीसला, मी दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो. असा चिकट माणूस, आधीचं बरं की हे बरं विचारलं की म्हणे दोन्ही सारखंच, पुन्हा दाखवा. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. काढून बघितला. दादा. मनात म्हटलं, याला आत्ताच वेळ सापडली, करतो नंतर. फोन उलटा टेबलावर ठेवला. तो थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला. बाराला दादाच्या शेजारच्यांचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, साधारण साडेअकराला गेला.

काय हवं होतं त्याला? पाना हवा होता? की श्वास लागला होता? चार महिने मी रोज हाच एक प्रश्न घेऊन दुकान उघडायचो आणि तोच घेऊन बंद करायचो. आणि आता मी त्याच्याच गाडीवर, त्याच्याच अंगाचा खळगा पडलेल्या सीटवर, आणि मागे एक दिवा, जो जवळही येत नाही आणि सोडूनही जात नाही. अगदी तसाच, जसा मला पहिल्यांदा सायकल शिकवताना तो मागून चालत यायचा. "मागे बघू नकोस, मी आहे." तेव्हा त्या वाक्याचा आधार वाटायचा हो. वाळवंटात हेच वाक्य आठवून बघा एकदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका कोरड्या तळ्याच्या कडेनं चाललो होतो आणि वारा सुटला. धूळ उठली, सूर्य पितळेच्या थाळीसारखा झाला, पुढचा बाईंचा लाल दिवा दिसेनासा झाला. आणि आरशात... तो दिवा जवळ आला. तीन दिवसांत पहिल्यांदा. अर्धा मैल, मग पाव, मग इतका जवळ की आरसा भरून गेला. माझी पाचावर धारण बसली. आजवर जी गाडी मी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नव्हती ती अशी सोडली, अशी सोडली की विचारू नका, हॅन्डल घट्ट धरलं, मान खाली घातली, तोंडानं काय पुटपुटत होतो देव जाणे. किती वेळ गेला? दहा मिनिटं, पंधरा. आणि एकदम समोर फाटा, दगडांचा ढीग, आणि कप्तान आणि दोघे भाऊ उभे.

थोरला म्हणाला, "अरे वा, आज तर विमान."

कप्तान हसले नाहीत. माझ्या मागे बघत म्हणाले, "बाई कुठे आहेत?"

म्हटलं, "बाई पुढे आहेत ना. मी सगळ्यात शेवटी होतो."

"पुढे आम्ही तिघंच आहोत."

धाकटा म्हणाला, "मला मागे दिवा दिसत होता. मी समजलो बाईच आहेत." तो दिवा माझा होता. मी धुळीत बाईंना ओलांडून आलो होतो, मला पत्ताही नव्हता. शेवटच्या माणसानं शेवटची जागा सोडली, हत्यारांच्या पेटीसकट.

कप्तान म्हणाले, "वारा पडू दे, अर्ध्या तासात दोघे मागे जाऊ." शहाणपणाचं होतं. पण मी गाडी वळवलेली होती. शूर म्हणून नाही हो, गैरसमज नको. पण एकदा फोन उलटा ठेवून झाला होता माझा. दुसऱ्यांदा ठेवायची ताकद नव्हती.

आणि तुम्हाला सांगतो, ज्याच्यापासून पळालो होतो त्याच्याच दिशेनं मी निघालो. रेघ बुजत चालली होती. मी मोठ्यानं बोलत होतो, "दादा, आहेस तर नीट आहेस का ते सांग, हे असं मागे मागे नको." फक्त वारा. दीडएक मैल गेलो असेन, आणि उजव्या हाताला, तळ्याच्या उताराखाली, पिवळट दिवा. खाली, जमिनीला टेकलेला. तिथे उतरायला माझ्याजवळ होता नव्हता तेवढा सगळा धीर लागला.

बाईंची गाडी आडवी पडली होती, दिवा चालूच, आणि बाईंचा डावा पाय गाडीखाली. शुद्धीवर होत्या. चेहरा धुळीनं राखेचा झालेला. मी गाडी उचलली, कशी उचलली माहीत नाही, पाणी पाजलं. घोटा असा सुजला होता की बूट कापावा लागला. दातांच्या डॉक्टर, दुसऱ्यांच्या वेदना बघण्यात जन्म गेलेला, हूं की चूं केलं नाही. मग म्हणाल्या, "मी आरशात तुम्हालाच शोधत होते, म्हणून तोल गेला. तुम्ही शेजारून गेलात. हात केला, हाका मारल्या. चष्मेवाले, तुमचे डोळे मिटलेले होते."

एकवीस वर्षं दुकान.

"चुकलं बाई," म्हटलं.

"ते ठीक आहे. पण मघाशी परत आलात तेव्हा नुसतेच का उभे राहिलात? एवढा वेळ. उताराच्या तिथे वर, दिवा माझ्याकडे करून. मी म्हटलं, या की खाली. उतरलाच नाहीत. पण बरं वाटलं, कोणी आहे म्हणून. नाहीतर डोळे मिटले असते मी."

म्हटलं, "बाई, मी आत्ता आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं. मग म्हणाल्या, "ऊन फार लागलं मला." आणि त्या विषयावर त्यानंतर एक अक्षर नाही, आजतागायत नाही. मी वर जाऊन बघितलं. वाऱ्यानं सगळं सपाट केलं होतं. चाकाची खूण असती तरी राहिली नसती, असं मी स्वतःला समजावलं.

कप्तान आणि भाऊ आले, तंबूच्या काठ्या लावून बेकरीवाल्यांनी पाय असा गुंडाळला की इस्पितळात विचारलं, कोणी बांधला? तळ्यावरून मीठ नेणाऱ्या लॉरीतून बाईंना नेलं. आम्ही चौघांनी उरलेले सहा दिवस पुरे केले. मी शेवटीच होतो. आणि त्या सहा दिवसांत आरशात एकदाही, एकदाही काही दिसलं नाही. खरं सांगू? तीन दिवस तो होता म्हणून झोप लागेना, आणि सहा दिवस तो नव्हता म्हणून आरशातून नजर हटेना. पुढचा रस्ता मी बघितलाच नाही म्हणा ना.

परत आल्यावर गाडी घेऊन वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. दिवा, बाई, आणि मग तो फोन. चार महिने आणि नऊ दिवसांनी. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

वहिनी भांडी पुसत होत्या. पुसतच म्हणाल्या, "माहीत आहे मला. फोन माझ्याच कपाटात आहे ना. शेवटचा नंबर तुमचाच." मग पुढचं भांडं उचलून, "मीच सांगितलं होतं यांना. म्हटलं, भावजींना विचारा, माझा चष्मा तयार झाला का. तेवढ्यासाठीच केला असेल. तुम्ही उगाच जीव जाळत बसलात."

मी मान हलवली. वहिनींचा चष्मा मी दादा जायच्या महिनाभर आधीच, स्वतः, घरी आणून दिला होता. तोच त्यांच्या नाकावर होता. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, "हो, तेवढ्यासाठीच असेल." चहा घेतला.

निघताना त्यांनी एक कागद पुढे केला. पुढच्या वर्षीच्या प्रवासाचा. नाव वहिनींचं. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला गाडी येत नाही." म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठे येत होती?" बाकीचं सगळं भरलं होतं, एकच रकाना रिकामा होता, अडचण आल्यास कोणाला फोन करावा. पेन हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

म्हटलं, लिहा माझा.