हुनेरोची टोपली

(नाईलपलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं गाव. कासा सुताराचं घर. घरात तो, त्याची बायको तामित आणि त्याची आई हेनुत. दुपार.)

तामित: ती दोरी खाली ठेव, कासा. तिचं माप घ्यायचं नाही.

कासा: माप घेतल्याशिवाय पेटी कशी करू?

तामित: पेटी नकोच आहे. टोपली आहे ना.

कासा: कसली टोपली?

तामित: ही. यातच निजायची ती.

कासा: कपड्यांची टोपली आहे ही! अगं, उभा जन्म मी मेलेल्यांच्या पेट्या करण्यात घालवला. राजाच्या घरच्या केल्या, पुजाऱ्यांच्या केल्या, त्या कोतवालाच्या जाड्या सासूचीसुद्धा केली. आणि माझी पोरगी कपड्यांच्या टोपलीत जाणार? लोक काय म्हणतील?

हेनुत: लोक काही म्हणत नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांची तान्ही पोरं तशीच गेलीत.

कासा: आई, तू मध्ये पडू नकोस.

हेनुत: पडणार. आठ दिवस हिच्याजवळ मी होते. तू नव्हतास.

तामित: आई, राहू द्या.

कासा: नाही, बोलू दे तिला. बोल.

हेनुत: बोलायचं काय त्यात? ऊन बघ केवढं आहे. पोर सकाळी गेलीय. पेटीला किती दिवस लागतील तुला?

कासा: तीन. मान वर न करता बसलो तर दोन. उंबराच्या फळ्या आहेत शेजारच्या इपुयकडे, मागून आणतो. मग वर आजोबांच्या थडग्यात नेऊ तिला. भिंतीवर चित्रं आहेत, आजोबा आहेत, आजी आहे. एकटी नको पडायला.

तामित: तुझ्या आजोबांना ओळखते का ती? तिला मी आणि आई, दोघीच माहीत. आणि थडग्यात उतरायची ती विहीर किती खोल आहे, ठाऊक आहे ना? तिथून रडली तर मला ऐकू येईल का?

कासा: आणि खाली टेकडीच्या पायथ्याशी पोरांना पुरतात, ते बरं आहे? कमरेएवढा खड्डा! कोल्हे येतात तिथे.

हेनुत: नाही येत. वर दगड नीट रचतात. माझ्या तिघांना अजून कुणी हात लावलेला नाही.

कासा: कुठल्या तिघांना?

हेनुत: तुझ्या आधीची दोन, नंतरचा एक. एक घागरीत आहे, एक मासळीच्या टोपलीत. धाकट्याला तुझ्या बापानं स्वतःच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. महिनाभर हत्यारं घरभर पडली होती.

कासा: मला कधी बोलली नाहीस.

हेनुत: पाणी घेऊन मी तिकडे कुठे जाते, ते तू कधी विचारलंस? आम्ही सगळ्याच जातो. कुणी ना कुणी असतंच खाली. तुझ्या आजोबांकडे सणाशिवाय कुत्रं फिरकत नाही.

तामित: म्हणून म्हणते. तिथे पोरं आहेत, बायकांचा राबता आहे.

कासा: तामित, मला एवढी एकच गोष्ट करता येते. तीही नको म्हणतेस?

तामित: झाकणावर काय काढशील?

कासा: चेहरा. केसांचा टोप, गळ्यात माळ, डोळे...

तामित: टोप? टाळूवर चार केस होते तिच्या! आणि डोळे कसे काढशील?

कासा: उघडे. पेटीवर उघडेच काढतात. नाहीतर पलीकडे गेल्यावर सूर्य कसा दिसणार?

तामित: कसे होते तिचे डोळे?

कासा: असं नको ना विचारूस.

तामित: सांग की. नाही सांगता येत ना? मोठी बाई काढशील तू, कोतवालाच्या सासूसारखी. मी मेल्यावर तिकडे जाईन, तेव्हा त्या बाईत माझी हुनेरो कशी शोधू?

कासा: चुकलं माझं. पाणक्या निरोप घेऊन डोंगरावर कामाच्या तळावर आला, मुलगी झाली म्हणाला. माझ्या वाटणीची सगळी दारू मी बरोबरच्या कारागिरांना पाजली. मुकादम म्हणाला, सुट्टी घे, जा घरी. मीच नको म्हटलं. म्हटलं, आता गेलो तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागेल. त्यापेक्षा उत्सवाला जोडून घेऊ, सलग सहा दिवस पोरीजवळ बसू. सहा दिवस, तामित! आज डोंगर उतरताना सगळ्यांना सांगत होतो, पाय उचला रे, लेक वाट बघतेय.

तामित: पाचव्या दिवशी तिनं दूध सोडलं. आई म्हणाल्या, त्याला बोलाव. मीच नको म्हटलं. तीन दिवसांत येतोच आहे, कशाला घाबरवायचं?

हेनुत: पुरे. कुणाचं काही चुकलं नाही. माझी तिघं गेली तेव्हा कोण कुठे गेलं होतं? सगळे घरातच होते.

कासा: टोपलीचा तळ एका बाजूनं सुटलाय.

तामित: असू दे.

कासा: असू दे काय? दे इकडे. आई, खजुराची दोरी आहे का बारीक? आणि आत काय ठेवायचं? भाकरी, खजूर?

हेनुत: दात कुठे होते तिला, बाबा?

तामित: दूध ठेवलंय त्या बोळक्यात. माझंच. अजून येतंय, आई. थांबतच नाही.

हेनुत: येतं, पोरी. चार-पाच दिवस येतं. फडकं घट्ट बांधून देते तुला.

कासा: तामित, कसे होते गं डोळे?

तामित: राखाडी. नीट काळे व्हायचे होते अजून. आधी उजवा उघडायची. मग बराच वेळ विचार करून डावा.

कासा: आणि हिला कशात गुंडाळलंय? माझा जुना अंगरखा आहे ना हा?

तामित: यावरच निजवायची मी तिला. तू येशील तेव्हा परका वाटायला नकोस म्हणून. मघाशी रागात म्हटलं, आम्ही दोघीच माहीत म्हणून, पण तुझा वास ओळखायची ती. नाक खुपसून झोपायची.

हेनुत: ऊन उतरलं. बायका दाराशी जमल्यात. चला आता.

कासा: मी ठेवू तिला टोपलीत?

तामित: ठेव.

कासा: कसं धरायचं? मी एकदाही घेतलं नाही तिला.

तामित: एक हात डोक्याखाली दे. अजून मान धरली नाही तिनं.