दुरुस्त झालेल्या चुकांचा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय ल्याव साहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, चाचणी विभागातले माझे सहकारी, आणि जेवणाच्या आशेने माझं भाषण सोसायला बसलेले त्यांचे कुटुंबीय,

माझ्या निवृत्तीनिमित्त आत्ता साहेबांनी जे गौरवोद्गार काढले ते ऐकताना वाटलं, ही फान शू-हुइ कोण बुवा, एकदा भेटायला हवं. आपल्या सिंचू शहराच्या या वाऱ्यात एकतीस वर्षं मी एकच काम केलं. प्रोसेसरच्या अगदी जवळ एक छोटी, चपळ स्मृती असते, कॅश मेमरी म्हणतात तिला. तिच्यात मध्येच एखाद्या शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो. तो शोधायचा. थकले हो. डोळे गेले, पाठ गेली. साहेब मात्र होते तसेच आहेत.

घरच्या मंडळींसाठी सांगते. कॅशमधल्या प्रत्येक ओळीसोबत तपासणीचे थोडे जादा अंक ठेवलेले असतात. ओळीतला एक अंक बिघडला, तर चिप तो आपला आपण सुधारते. दोन बिघडले तर तिलाही जमत नाही, यंत्र थांबतं. म्हणून आमच्या अहवालात दोन रकाने. दुरुस्त झालेल्या चुका, आणि न झालेल्या. दुसऱ्यात शून्य दिसलं की आम्ही चहाला मोकळे. पहिला रकाना कोण वाचतो?

आ-मूदादा वाचायचे. नव्या मंडळींना हे नाव ठाऊक नसेल. पंग आ-मू, आमच्या चाचणी यंत्रावरचे तंत्रज्ञ. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"फानबाई, ही चूक रोज होतेय. त्याच ओळीत, त्याच जागी."

"दुरुस्त होतेय ना?"

"होतेय. पण माणूस रोज एकाच पायरीवर ठेचकाळला तर पायरी नको का बघायला? त्याच ओळीत आणखी एक अंक बिघडला की बसली चिप."

"दादा, माल उद्या जायचाय. तुम्ही ना, घरी भाताची शितंसुद्धा मोजत असाल."

ते हसले. मी सही केली.

पाच महिन्यांनी गिऱ्हाइकाकडची यंत्रं बंद पडू लागली. त्याच ओळीत, दोन-दोन चुका. चौकशी बसली. चाचणीच्या कागदावर पहिलं नाव दादांचं होतं. समितीने मला विचारलं, "यांनी तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?" मी म्हणाले, "आठवत नाही."

आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता.

त्या वर्षअखेरच्या मेजवानीत डोक्यासकट अख्ख्या कोंबडीची थाळी आली आणि कोंबडीचं तोंड दादांकडे होतं. ज्याच्याकडे तोंड, त्याची नोकरी गेली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळ्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. दादाच म्हणाले, "अरे खा की, गार होतेय," आणि पहिला तुकडा माझ्या वाटीत वाढला. मी तो खाल्ला.

आज मिळालेल्या या सन्मानचिन्हावर कोरलंय, 'एकही चूक निसटू दिली नाही'. साहेब, हे मी इथेच ठेवून जाते. त्याऐवजी एक करा. दादांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असं लिहिलंय, तिथे माझं हे कबुलीचं पत्र जोडा. खाली सही माझी आहे. आता मी निघालेच आहे, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून हा धीर झाला. त्याचीही लाज वाटते.

दादा आज आलेत. शेवटच्या टेबलावर, खांबाआड बसलेत, करडा स्वेटर घालून. मी फोनवर फक्त "जेवायला या" एवढंच म्हटलं होतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफी मागायची आपली रीत आहे. मी जे तेव्हा बोलले नाही, त्याची माफी मागते, आणि ती एकाच माणसाकडे.

वाढपी केव्हाचे खोळंबलेत. आणा थाळी. कोंबडीचं तोंड माझ्याकडे करून ठेवा. आणि दादा, तुम्ही इकडे या, माझ्या शेजारी. आज पहिला तुकडा मी वाढते.