पाच नंबरचं शहर

नाही हो काका, मीटर राहू द्या, तुम्ही मागाल ते देते — फक्त आत्ता निघा. आई चष्मा शोधतेय, येईलच खाली. ती आणि माझी लेक, दोघीच. मामाच्या गावाला. मी? मी कशी येऊ, मला ऑफिस आहे. घाबरलेय? छे, काहीतरीच! ऑफिस म्हणजे लष्कराचं हो, पण बंदूक-बिंदूक नाही, मी गणितवाली. गेम थिअरी म्हणतात, डावपेचांचं गणित. म्हणजे कसं — अंधार पडला की शत्रूची विमानं येतात, आपली शहरं सात आणि विमानं पाडायच्या तोफा चारच शहरांपुरत्या. ठेवायच्या कुठे? मोठ्या शहरांत ठेवल्या, तर तो लहानांवर येणार. लहानांत ठेवल्या, तर मोठी उघडी. म्हणून मीच म्हटलं, डोकं चालवूच नका, रोज सोडत काढा — आपल्यालाच आधी ठाऊक नसेल तर त्याला कुठून कळणार? साहेब लोक खूश! अट एकच, तीही माझीच — ज्या शहराला तोफा नाहीत तिथे पानसुद्धा हलता कामा नये. कुणी बॅग भरली, गाडी बोलावली, की त्याच्या हेरांना आयतंच कळलं. — ही बॅग? चार कपडे आहेत हो.

असं बघू नका ना. मी काही बोलले का? कागदावर सोपं असतं, शहर एक, शहर दोन... आज चिठ्ठ्या निघाल्या, पाच नंबरला काही नाही, मी निमूटपणे सही केली — आणि मग तशीच धावत घरी आले. पाच नंबरमध्ये माझी लेक झोपते, काका! भीती वाटते मला. फार भीती वाटते.

अहो — अहो, गाडी का सुरू केलीत? आई जिन्यात आहे, ती बघा! — तुमची? तुमची पोरं... इथल्याच शाळेत? किती? तीन? आणि बायको, आणि म्हातारी आई... मग माझ्या दोघी कुठे मावणार? हळू बोला, समोरच्या बाई गॅलरीत आल्यात — त्यांनी ऐकलं तर सगळी गल्ली बाहेर पडेल, आणि मग तो नक्की इथेच —

दार सोडते मी. सोडलं.

जा. पोरांना घ्या आणि जा. पण काका, हळू चालवा — रोजच्यासारखी.