पंधरा दिवस नुसतं पाणी

माझ्या नातीचं, कीर्तीचं, लग्न झालं ते साल २०२३. त्या नोव्हेंबरात तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका इस्पितळात मी नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण, इथे मराठी कुणाला कळणार, अशा भरवशावर मोकळेपणी बोलत होते.

“गोपाला, गच्चीवर तुळशीमागे काय लावलंस?”

“गांजा, अक्का.”

“ऐयो! रोज विठ्ठलाची पूजा करणारा तू!”

“गोमतीसाठी लावलाय. गोळ्यांनी तिची कळ थांबत नाही.”

“मग कापत का नाहीस?”

“आधी पंधरा दिवस खत बंद करून नुसतं पाणी द्यायचं. मग धूर घशाला लागत नाही म्हणतात.”

“तिचं हाड न् हाड दुखतंय, आणि तू झाडं धुतोयस?”

“तिला खोकला सोसत नाही, अक्का.”

“आणि नाही धुतलं तर?”

“काहीच फरक पडत नाही, असंही काही जण म्हणतात.”

“मग आजच काप, गाढवा!”

“अकराच दिवस राहिलेत.”

मी मान वळवली नाही.

पुढे कळलं, गावातल्याच मेलकावेरी भागातल्या त्या गोपालकृष्णरावांची बायको गोमती चार दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शुक्रवारी सकाळी वारली.