चौथऱ्याचा वळसा

दवाखान्यात नंबर यायला अजून तास होता. मास्तरीणबाईंनी मासिक उघडलं, पण वाचणार काय? मागच्या बाकावर बहीण-भावाची जुंपली होती.

"चौथरा काढायला तुला सांगितलं कोणी?"

"ताई, शेतातल्या जुन्या खुणा नोंदवायला माणसं येणार होती. म्हटलं, शेत जरा नीटनेटकं दिसावं."

"अरे शहाण्या, तो चौथराच बघायला येणार होते ना ते!"

"मला वाटलं, घरातली जुनी भांडी बघतील."

"आणि दगड?"

"बांधावर रचले, ओळीने. धुऊन."

"धुऊन!"

"त्या पाहणीवाल्या बाईंनी कपाळालाच हात लावला. म्हणाल्या, चौथरा नेमका होता कुठे, तेवढं तरी दाखवा."

"मग आप्पांना विचारायचं. पन्नास वर्षं त्याला वळसा घालून नांगर चालवलाय त्यांनी."

"विचारलं. पण चौथरा काढल्यापासून माझ्याशी बोलतच नाहीत. आणि हट्ट बघ, रोज सकाळी विहिरीवर जाताना त्या मोकळ्या जागेलाही वळसा घालूनच जातात."

"रोज?"

"रोज. एक पाऊल इकडचं तिकडे नाही."

"मग गाढवा, मागून खुंट्या ठोकत का नाही गेलास?"