खेड स्टेशनवरचा बाईट

टीव्हीवाल्यांना कसं धरायचं, ते आमच्या मालतीवहिनींकडून शिकावं. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना घ्यायला आम्ही दोघं खेड स्टेशनवर उभे होतो. तेवढ्यात एका चॅनेलचा पोरगेला वार्ताहर माईक पुढे करून आला.

"काकू, एक बाईट द्या. गणपती आले, कसं वाटतंय?"

"वाटतंय काय! आमच्या वाडीचा ओढ्यावरचा साकव पुरात गेला. यंदा मूर्ती डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून न्यायची आहे. आमचं कुणी ऐकत नाही, तू तरी दाखव."

"काकू, आज सण आहे. नुसतं 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा. बाकीचं कापलं जाईल."

"आणि मोरया?"

"तो कोण कापणार!"

वहिनींनी पदर खोचला आणि माईक मुठीत धरला. "गणपती बाप्पा, साकव गेला वाहून, तुला छातीभर पाण्यातून कसा रे नेऊ, मोरया!"

गाडीतून उतरलेली सगळी मंडळी ओरडली, "मोरया!"

"काकू, मधलं नको. परत घेऊ."

परत घेतलं. वहिनी तेच बोलल्या. तिसऱ्यांदाही तेच, फक्त आवाज आणखी चढवून. कॅमेरावाला हसायला लागला. वार्ताहर काकुळतीला आला.

"अहो काकू, यात मी कापू कुठे?"

"कापूच नको, मेल्या. बाप्पा आणि मोरयाच्या मधेच आमची वाडी आहे."

संध्याकाळच्या बातम्यांत ते वाक्य अख्खं लागलं.