चुंबक चिकटत नाही

वॉलेस: वर्नाबाई, इथं चुंबक चिकटत नाही.

वर्ना: चुंबक म्हातारं झालं असेल. माणसं होतात, मग त्याला काय झालं?

वॉलेस: दारावर चिकटतंय बघा. टपावर, मागच्या फळीवर, पत्र्यावर डकवलेल्या लाकडी नक्षीच्या कागदावरूनसुद्धा. पुढच्या उजव्या चाकाच्या वर मात्र तळहाताएवढ्या जागेत गळून पडतंय. आत पत्रा नाही, खड्डा बुजवायला भरलेली पुट्टी आहे.

वर्ना: साहेब, सहासष्ट सालापासून ही गाडी माझ्या दारात आहे. दोन पोरं, सासू, चर्चच्या जेवणाची पातेली, सगळं हिनं वाहिलं. कुठं ओरखडा दाखवा. आणि तुम्ही गाडी घ्यायला म्हणून लिंकन शहराहून एवढं अंतर तोडून आलात ते फडक्यात गुंडाळलेलं लोखंड हिच्या अंगावरून फिरवायला?

वॉलेस: फडकं रंगाला चरा पडू नये म्हणून. बाई, पोरांनी मागं तोंड करून बसायची ती शेवटची सीट, तिची शिवणसुद्धा उसवलेली नाही. अशी गाडी मी वीस वर्षांत पाहिली नाही. म्हणूनच विचारतोय.

लोरेन: सांगून टाक ना, आई. गावाला ठाऊक आहे. साहेब, माझ्या भावानं ठोकली होती, कर्टिसनं. चौऱ्याहत्तर साली. न विचारता चावी उचलली, शेजारच्या एकडालकाकांच्या टपालपेटीचा खांब पाडला आणि त्यांची कुत्री चाकाखाली गेली. बाबांनी कोठाराचं दार लावून पत्रा सरळ केला.

वर्ना: तुला कुणी विचारलं?

लोरेन: कुणी विचारत नाही म्हणून तर चोवीस वर्षं गप्प बसलो सगळे.

वॉलेस: अहो, एवढ्यानं काही बिघडत नाही. फक्त या कागदावर लिहावं लागेल. काय लागलं, कधी लागलं, चालवत कोण होतं. खाली मालकाची सही. पुढं दहा मालक झाले तरी कागद गाडीबरोबर राहतो. ओमाहाच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आम्ही तो पुढच्या काचेवरच लावतो.

वर्ना: काचेवर? येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावा असा?

वॉलेस: लोक त्यासाठीच येतात.

लोरेन: एकडालकाकांचा नातू दरवर्षी जातो तिथं.

वर्ना: जाऊ दे की. त्याला दुसरं काम काय. लोरेन, वाच तो कागद. अक्षरं बारीक आहेत.

लोरेन: मोठी असती तरी मीच वाचला असता.

वर्ना: चार यत्ता झाल्यात माझ्या. सही येते. वाच.

लोरेन: 'वरील माहिती खरी आहे, अशी मी मालक म्हणून शपथ घेते.' बस, एवढंच. मी भरते. चौऱ्याहत्तर, सप्टेंबर. पुढचा उजवा पत्रा. चालवणारा, कर्टिस...

वर्ना: पेन खाली ठेव.

लोरेन: आता काय झालं? नाव लिहायचीही लाज वाटते का त्याची? घराबाहेर काढलंस, आता कागदावरूनही काढ.

वर्ना: मी काढलं नाही. तो गेला.

लोरेन: सतरा वर्षांचं पोर, आई. एकडालकाकांनी त्यांच्याकडच्या कामावरून हाकललं, तू जेवायला वाढेनास. 'खोटारड्याला माझ्या टेबलावर जागा नाही' म्हणालीस. मी त्या मागच्या सीटवर बसून ऐकलं सगळं.

वर्ना: मग हे नाही ऐकलंस, की त्यानं एकदाही 'मी केलं' म्हटलं नाही?

लोरेन: नाहीही म्हणाला नाही.

वॉलेस: मी बाहेर थांबू का जरा?

वर्ना: थांबा इथंच. तुमच्या चुंबकानं सुरू केलंय हे.

(वर्ना फडक्यानं पत्र्याची तेवढीच जागा पुसत राहते.)

वर्ना: चर्चच्या जेवणाला उशीर झाला होता. बटाट्याचं पातेलं सीटवर कलंडायला लागलं म्हणून एक हात तिकडं घातला. कुत्री दिसलीच नाही. त्या वर्षी चर्चच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष होते मी. पातेलं पोचवलं, वाढलं, वर चार जणींना मीठ कमी घातल्याबद्दल बोललेसुद्धा.

लोरेन: आई.

वर्ना: घरी आले तर कर्टिस पाण्याची नळी घेऊन उभा. बंपरवरचे कुत्रीचे केस त्यानंच धुतले. मला काही विचारलं नाही. एकडालनं त्याला गाडी धुताना पाहिलं आणि मी तोंड उघडलं नाही. मग उघडायचा दिवस रोज एकेक करून लांब गेला.

वॉलेस: बाई, चालवणाऱ्याचा रकाना मोकळा सोडला तरी चालेल. मी समजून घेईन.

वर्ना: तुम्ही गाडी घ्या, साहेब. समजून घ्यायचं काम तुमचं नाही. लोरेन, त्याचं नाव खोड. पेन दे, माझं मी लिहिते. मोठ्या अक्षरात लिहीन, काचेतून दिसायला हवं.

वॉलेस: खाली कार्बन आहे. एक प्रत तुमच्याकडे राहते.

वर्ना: मला काय करायचीय? ती ऑरेगनला कर्टिसकडं धाडा. पत्ता लोरेन देईल. दर नाताळात माझ्यापासून लपवून त्याला कार्ड पाठवते, तोच.